लोआताची कोनफळं

३० जून २०१७. हॉटेलच्या धोबीखात्यातली सव्वीस वर्षं संपवून लोआता गावी परतली. शेवटचा पगार २८६ डॉलर ४५ सेंट. कुळप्रमुख रातू इनोके यांनी तिला पाइनची झाडं तोडून मोकळा झालेला उतारावरचा तुकडा दिला. अट एकच: मार्चमध्ये पहिल्या पिकाची टोपली चर्चमध्ये आली तर जमीन तिची, नाही आली तर कुळाला परत.

माती रेताड, आंबट. नेच्याशिवाय तिथे आपण होऊन काही उगवत नव्हतं. शेतीखात्याचा माणूस म्हणाला, चुना घाला. नणंद म्हणाली, राख. पाद्री म्हणाले, धीर धरा. लोआता गोंधळली.

मी तिचा आतेभाऊ. आमच्याकडे आते-मामेभावंडं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. टोचून बोलायचं, अशीच रीत आहे.

"कसावा लाव, रताळी लाव, कडेनं अननस," मी म्हणालो. "असल्या मातीत तेच तगतं. कोनफळ नको."

"म्हणजे कोनफळच लावायचं!" ती हसली. "पहिल्या टोपलीत मानाचं कोनफळ सोडून रोजचा कसावा नेऊन गावात हसं करून घेऊ?"

"बाई, चादरींना इस्त्री करण्याइतकं सोपं नाही ते."

"बघा, कसं पोटात दुखतंय याच्या!"

मी खरंच सांगत होतो, पण हसत सांगत होतो. तिच्याशी दुसऱ्या तऱ्हेनं बोलायची मला सवयच नाही. तिनं दोनशे खड्डे खणून कोनफळं लावली.

फेब्रुवारीत बोटाएवढे कंद निघाले. ते ओच्यात घेऊन ती माझ्या दारात आली.

"खरं होतं, तर हसलास कशाला?"

"न हसता बोललो असतो, तर मला दवाखान्यात नेलं असतंस."

तरी मार्चमध्ये तिनं टोपली नेली. रातूंनी एक कंद उचलून उलटसुलट पाहिला.

"हे काय गं?"

"कोनफळ, रातू."

"बरं. टोपली आली, जमीन तुझी. पुढल्या वर्षी पोट भरेल असं काहीतरी आण."

बाहेर येताच तिनं मला गाठलं. "पोट भरेल असं म्हणजे काय रे?"

"कसावा."

"हसत नाहीयेस. थट्टा करतोयस?"

"नाही."

"मग जरा हस ना. काही कळेनासं झालंय मला."

अखेर तिनं अर्ध्या तुकड्यात पुन्हा कोनफळं लावली, अर्ध्यात कसावा. कसाव्याच्या चाळीस कांड्या माझ्याकडून नेल्या. पीक निघाल्यावर वीस परत आल्या. वीस अजून यायच्या आहेत.