सासूबाईंचे धवले आणि माझं तापलेलं इंजिन

बोटीच्या इंजिनातलं मला काहीही कळत नाही, हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं गाव चांदीप. तिथे भातशेती. पाणी म्हणजे विहिरीत असतं तेवढंच! पण सासुरवाडी नायगावची, अगदी खाडीला चिकटून. सासऱ्यांची जुनी मोटरबोट होती, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि नेमकी तेव्हाच पलीकडे पाणजू बेटावर सासूबाईंच्या भाच्याची हळद! सासूबाई म्हणजे धवले, लग्नातली पारंपरिक गाणी, गाणाऱ्या. त्या गायल्याशिवाय नवरदेवाला हळदीचं बोट लागत नाही.

"फेरीबोटीने जाऊ या," बायको म्हणाली.

"घरची बोट असताना?" मी छाती काढून म्हणालो. (मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते. त्यातला एक पूर्ण!)

तर निघालो. पुढे सासूबाई, मध्ये बायको, तिच्या मांडीवर तांदूळ-हळकुंडांनी भरलेलं नवंकोरं सूप, आणि मागे कप्तान मी. इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत होती. म्हटलं, जुनं यंत्र, गळणारच! अर्ध्या खाडीत ती धार आपोआप थांबली. मला कोण आनंद!

"बघा, गळती बंद झाली!" मी सासूबाईंना सांगितलं.

पाचेक मिनिटांत करपल्याचा वास सुटला.

"जावई, कायतरी जलतंय," सासूबाई म्हणाल्या.

"किनाऱ्यावर कोणीतरी कचरा जाळतंय," मी म्हणालो. तेवढ्यात इंजिनावरून वाफ निघाली, दोन उचक्या लागल्या आणि सगळं शांत. हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा चटका!

तापलंय ना? मग वारा घालायचा! मी सूप ओढून घेतलं, तांदूळ-हळकुंडं बायकोच्या पदरात ओतली आणि इंजिनाला वारा घालू लागलो. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. (भूत लागलेल्या माणसाकडे बघतात तशा.) वाऱ्याने भागेना म्हणून बादलीभर खाडीचं पाणी उचललं, तोच बायकोने फोन लावून सासऱ्यांना ते सांगितलं आणि फोन स्पीकरवर ओरडला:

"वैशाली, तुझ्या नवऱ्याला आवर! तापल्या इंजिनावर पानी मारलं तर तडा जाईल!"

मी बादली खाली ठेवली.

"जावईबापू, इंजिन पानी थुकत व्हतं का?"

"आधी थुंकत होतं, बाबा. मग थुंकायचं थांबलं. अगदी स्वच्छ चाललं होतं!"

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"अरे, त्या धारेवरच इंजिन गार राहतं! पानी ओढायची जागा तुंबली आसंल. इंजिन वर उचला, आनि..."

इथे त्याच मोबाइलवर पाणजूहून दुसरा फोन आला. सासूबाईंनी तो घेतला आणि सासरे गायब झाले.

"मावशी, कुठं हाव? नवरदेव पाटावर बसलाय!"

सासूबाईंनी खाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला. "फोन मांडवातल्या माइकला लाव," त्या म्हणाल्या आणि भर खाडीत धवला सुरू केला!

आता मी विचारणार कोणाला? मध्ये बोललो तर मांडवभर ऐकू जाणार. मी खुणेने बायकोला विचारलं, "पुढे काय?" तिने खुणेनेच सांगितलं, "अहो, पाणजू मागे चाललंय!" खरंच! ओहोटीने आम्हाला उलटं ओढायला सुरुवात केली होती. नांगर टाकायचं मी साफ विसरलो होतो. टाकला. तो बादलीच्या दोरात अडकून बादलीसकट बुडाला, पण बोट थांबली.

धवला चालूच. मी इंजिन वर उचललं, पालथा पडून खाली डोकावलो, तर पाणी ओढायच्या जाळीला साड्यांच्या दुकानाची भलीमोठी पिशवी लपेटलेली! ती ओढून काढली. इंजिन निवेपर्यंत थांबलो. (सासूबाईंची कडवी संपत नव्हती, त्यामुळे थांबणं सोपं गेलं.) मग नांगर वर ओढला आणि देवाचं नाव घेऊन इंजिनाची दोरी खेचली. सुरू! धार येते का बघायला वाकलो आणि ती थेट डोळ्यांत आली. इतक्या प्रेमाने माझ्यावर आजवर कोणी थुंकलं नव्हतं!

पाणजूला पोचलो तेव्हा नवरदेव पिवळाधमक होऊन वैतागला होता. सासूबाई तरातरा मांडवात शिरल्या आणि उरलेला धवला जागच्या जागी रचून पुरा केला:

"जावई आयला चांदीपचा गो,
इंजिनाला घाली वारा सुपाचा गो!"

मांडव पोट फुटेस्तोवर हसला. बायांनी ते कडवं उचललं. आता खाडीकाठची एकही हळद त्याच्याशिवाय होत नाही. परवा एका हळदीत तर सगळ्या बाया अनोळखी, तरी तेच कडवं! मीही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकांनी हसता हसता माझ्या पाठीवर थाप मारली.

"कोन हो हा येडा जावई?"

"कोण जाणे!" मी म्हणालो. "आम्ही विरारचे."