संबंधींचा तांबूस कुत्रा

आमच्या तंजावरच्या मराठी घरांत मुलगी दिली की तिच्याबरोबर आपलं तोंडही देऊन टाकतात. व्याह्यांना आम्ही तमिळांसारखं संबंधी म्हणतो, आणि संबंधींना काही विचारायचं नसतं. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, ही रीत कुत्र्यांच्या बाबतीतही पाळली. लोकांना त्याचं हसू येतं, मला येत नाही.

अण्णा नोकरी सांभाळून डॅशहुंड जातीची बुटकी, लांबट कुत्री वाढवतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याची एक ठिपक्यांची कुत्री, करड्या अंगावर काळी शाई उडाल्यासारखी, माझ्याच मांडीवर वाढली. तिची पहिली वीण त्याने आपल्या मुलीच्या सासरच्या, तिरुवैयारूच्या संबंधींच्या कुत्र्याशी ठरवली. तो तांबूस, देखणा, चालण्यात भलती मिजास.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. ठिपक्यांचं जनुक एकाकडून आलं तर रंग सुंदर होतो. दोघांकडून आलं तर पिल्लू पांढरं, बहुतेकदा बहिरं, कधी आंधळंही निघतं. हे ठिपके उमटतात काळ्या रंगात. तांबूस अंगावर ते असले तरी दिसत नाहीत. गालाच्या आतून काडी फिरवून ती प्रयोगशाळेत पाठवली की खरं काय ते कळतं. आमच्या कुत्रीची तपासणी मी केलीच होती. त्या कुत्र्याचीही होऊ दे, एवढंच मी अण्णाला सांगितलं.

अण्णाने पेपर खाली ठेवला. "संबंधींच्या कुत्र्यात खोट आहे का म्हणून कसं विचारूं गे? पोरगी दिल्ही आहे तिथं."

खोट काढायची नाही, नुसतं तपासायचं आहे, असं मी म्हटलं. त्याला त्यात फरक दिसला नाही. वहिनी म्हणाली, पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

पाच पिल्लं झाली. त्यांतली दोन पांढरीशुभ्र. गल्लीतल्या बायका त्या दोघांनाच पाहायला आल्या, लक्ष्मी आली म्हणाल्या. डोळे उघडायची वेळ आली तेव्हा एकाच्या पापण्यांमागे डोळे जवळजवळ नव्हतेच. आणखी थोडी मोठी झाल्यावर मी ती झोपलेली असताना ताट वाजवून पाहिलं. तिघं दचकून उठली, पांढरी दोन तशीच पडून राहिली. आंधळ्याला आई नाकाने दुधाकडे ढकलायची आणि ते भलतीकडेच सरकायचं. मला बघवत नव्हतं, तरी मी तिथंच बसून होते.

ओरत्तनाडूहून येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे आई आणि बाप दोघांकडूनही आल्याशिवाय होत नाही. त्या कुत्र्याला तपासल्याखेरीज पुन्हा ठिपक्यांच्या मादीला लावू नका. अण्णा मान हलवत होता. आता तरी हा तिरुवैयारूला फोन करील, असं मला वाटलं.

केला की. माझ्यासमोरच केला, आणि हसत हसत म्हणाला, "तुमच्याकडचं कांही नाहीं. आमच्या मादीतच दोष."

मी त्याला तोंडावर भित्रा म्हटलं आणि दोन्ही पांढरी पिल्लं घरी घेऊन आले. आंधळं जगलं नाही. बहिरं माझ्यापाशी आहे. मी चालत आले की जमिनीच्या हादऱ्यावरून ओळखतं. तांबूस कुत्र्याला अर्थातच कुणी तपासलं नाही. आता आणखी कुणाच्या तरी ठिपक्यांच्या मादीशी त्याची वीण ठरलीय म्हणे.

अण्णाच्या त्या मुलीला, माझ्या भाचीला, अजून मूल नाही. डॉक्टरांनी दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलंय. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. जावई दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही, आणि त्याला जा म्हणायला अण्णाची जीभ उचलत नाही. मी एकदा विषय काढला तर तो उठून बाहेर गेला.

परवा भाची माहेरी आली ती आधी माझ्याकडे आली. बहिऱ्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली. सासूबाई काय म्हणतात, असं मी विचारलं. ती पिल्लाचे कान चोळत राहिली.

"काय म्हणणार, अत्या? म्हणतात, तुझ्या बापानंच फोनवर सांगितलंय, तुमच्याकडच्या मादीतच दोष."