फुगडी बंद

"अहो, हात नका लावू. आम्ही बघायला आलोय."

बाईंनी माझ्या हातातून हात ओढून घेतला. पर्समधून सॅनिटायझर काढला, माझ्यासमोर तळवे चोळले. मग टॉवरच्या मॅनेजरकडे वळून शुद्ध मराठीत विचारलं, "यांना कुठे थांबायचं ते सांगितलं नाही का?"

काय केलं होतं मी? फुगडीला ओढलं होतं. आमच्या चाळीत हीच रीत. गौरीसमोर फुगडी रंगली की कडेला उभ्या बाईला हाताला धरून आत घ्यायचं. नवी सून असो नाहीतर पाहुणी. नाही घेतलं तर रुसतात. मला वाटलं, ही पण शेजारीणच की.

शेजारीण! करी रोडची आमची चाळ पाडून बिल्डरनं त्याच जमिनीवर दोन बिल्डिंग बांधल्या. पुढं यांचा टॉवर, मागं आम्ही. मध्ये पार्किंगच्या डोक्यावर गार्डन. "गार्डन दोघांचं," बिल्डर चाळीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलला होता. राहायला आलो तर वॉचमन आत सोडेना. आणि आमच्या बिल्डिंगीत सगळी दारं बंद. समोरची आजारी पडली तर मला चार दिवसांनी कळलं. चाळीत असं कधी झालं नव्हतं. जीव तुटायचा माझा. बायका एकत्र यायला हव्या होत्या, आणि त्यांना जमायला जागा हवी होती. म्हणून मॅनेजरकडे खेटे घालत होते. एक दिवस तोच गोड बोलला. "ताई, आपल्याला कम्युनिटी बिल्ड करायचीय. चाळ फेस्टिवल ठेवलाय. नऊवारी नेसून फुगडी घाला, मग गार्डनचं बघू."

मी घरोघरी फिरून बायका गोळा केल्या. फेस्टिवलला मागच्या जिन्यानं गार्डनमध्ये आणलं आम्हाला. गप्प बसले. खुर्च्यांवर चिठ्ठ्या होत्या, 'फक्त रहिवासी'. तरी गप्प. आम्ही काय रस्त्यावर राहतो?

हात झिडकारला तेव्हा मात्र डोकं सणकलं. रडूबिडू नाही आलं. राग आला नुसता.

मॅनेजर कुजबुजला, "ताई, चालू ठेवा ना. व्हिडिओ घेतायत."

"फुगडी बंद!" मी ओरडले. "हात द्यायचा नसेल तर घरी जाऊन टीव्ही बघा."

आमच्या म्हाताऱ्या शेवंताकाकीनं माझा पदर ओढला. "चल गो बाये, घराक जाव्या."

"घर हेच आहे, काकी."

पुढच्या रिकाम्या खुर्चीवरची चिठ्ठी मी टराटरा फाडली आणि बसले. काकीनं क्षणभर बघितलं, मग बाजूला येऊन बसली. मग बाकीच्या बसल्या. टॉवरवाले उभे राहिले, तोंडं वाकडी करून.

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी गार्डनमध्ये जमतो. कुणाला विचारत नाही. त्यांच्या व्हिडिओसाठी आमची एकही बाई यापुढं नाचणार नाही. परवा त्यांची कमिटी आली. म्हणे, पोलीस बोलवू. बोलवा. आम्ही हलणार नाही. एकेकीला उचलून न्यावं लागेल.