बाथरूमच्या खिडकीवरचं प्लायवुड

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिचं निमित्त पुढे करायचो, की तिला त्रास होईल. ती जाऊनही आता बराच काळ लोटला.

भोपाळच्या कारखान्यात मी सेफ्टीत होतो. टाकीत वेल्डर उतरवायचा तर आत हवा खेळती आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय मी परमिटवर सही करत नसे. पोरं मागून शिव्या घालत. राहायला टाउनशिपमधलं क्वार्टर. तिथे नळ गळला तरी तक्रार नोंदवायची, की मेंटेनन्सचा माणूस दारात. भोपाळातच अवधपुरीत बांधलेलं घर मी भाड्याने दिलं होतं. तिथला मेंटेनन्स म्हणजे मीच, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

भाडेकरू म्हणजे उज्जैनची एक शिक्षिका आणि तिची आई. विजेच्या गीझरने बिल फार येतं म्हणाली, म्हणून मी बाथरूमच्या आतच स्वस्तातला गॅस गीझर बसवून दिला. त्या हिवाळ्यात खिडकीची काच फुटली.

"काका, आईला वारा लागतो. तेवढी काच बदलून द्या ना."

काचवाल्याकडे खेपा कोण घालणार? प्लायवुडचा एक तुकडा पडून होता, तो मी खिडकीवर ठोकला. हवा खेळायला ठेवलेली वरची जाळीही त्याखाली झाकली गेली. बंद खोलीत गॅस जाळला तर काय होतं, हे तिला माहीत नव्हतं. मला होतं.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी शेजाऱ्यांनी बाथरूमचं दार फोडलं. आई आत गॅसने गुदमरून गेलेली होती.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "खिडकीतून वारा येतो अशी हिचीच तक्रार होती." मुलीने मान डोलावली. घर राहण्याजोगं आणि सुरक्षित ठेवणं कायद्याने मालकाकडे येतं. ते कुणी विचारलं नाही, मी कशाला सांगू? तिच्या मामाने मात्र तेराव्याला सगळ्यांसमोर तिला बोल लावले. मी तिथेच बसलो होतो.

पुढे काही वर्षांनी ती इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला भेटली. हातावर तिळगूळ ठेवून वाकली आणि हळूच म्हणाली, "आईला वारा लागतो असं मी बोलायलाच नको होतं, काका."

मी म्हणालो, "यंदा थंडी जरा कमीच आहे."

ती हो म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. चूक तुझी नव्हती, बेटा, माझी होती, मला माफ कर, एवढंच तर म्हणायचं होतं.