रियाजभाईंची फुंकर

लातूरच्या त्या दवाखान्यात ऑक्सिजनची एक टाकी आहे. पाण्याच्या टँकरला दार-खिडक्या लावल्यासारखी. माझ्या पायाची जखम भरेना म्हणून मला, निलंग्याच्या रिटायर्ड मास्तराला, तीत बसवलं. दार लागलं, हवेचा दाब चढला आणि कान असे ठणकले की बाहेर बटणं दाबणाऱ्या शिल्पा सिस्टरला मी मनातल्या मनात निलंबित करून टाकलं.

आत आम्ही सहा पेशंट, आणि माझ्या समोर उदगीरचे रियाजभाई होते. तीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्यांना सुया चालू होत्या. त्यातच खालची दाढ काढली, त्या सुयांपायी जखम भरलीच नाही आणि तिथलं हाड मरून उघडं पडलं. त्यावर मांस चढेपर्यंत क्लॅरिनेट ओठाला लावायची नाही, आणि चढेलच असंही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. बँडवाल्यांनी तोवर कीबोर्ड आणला होता. त्याचं नाव काढलं की रियाजभाई भडकायचे.

"गुरुजी, नाक दाबा, तोंड मिटा," ते म्हणाले. "आता हळू फुंका. वरात हाय, घाई न्हाई."

कान फट्कन मोकळे झाले. मला हसू आलं, ते त्या दाट हवेत नाकातून वाजलं, मग सगळेच हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून रियाजभाईंनी भुवई उडवली की आम्ही सहाही जण एका तालात फुंकायचो.

माझ्या लेकीच्या, विशाखाच्या लग्नाची सुपारी मी त्यांना टाकीतच दिली.

"मांस न्हाई चढलं तर?"

"तर बिनवाजंत्रीचं लग्न लावीन. कीबोर्ड मांडवात नको."

चाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात टॉर्च मारली. बराच वेळ बघितलं. "झाकलंय हाड," म्हणाल्या. "महिनाभर थांबा, मग रोज पाच मिनिटं." रियाजभाई जिन्यात बसून रडले. मीही रडलो, लपवायचं कशाला?

लग्नात रियाजभाई बँडापुढे आले, क्लॅरिनेट ओठाला लावली आणि सवयीनं भुवई उडवली. पुढच्या रांगेत बसलेल्या आम्ही टाकीतल्या पाचही जणांनी, सगळ्या व्याह्यांसमोर, नाक दाबून तोंड मिटलं. रियाजभाईंना हसू फुटलं आणि पहिला सूर त्यातच गेला. दुसरा लागला, तेव्हा आम्ही नाकं सोडली.