रिमोट वसूच्या हातात

"मॅडम, हिला बाहेर न्या. फोटो व्हायचा हाय अजून."

बाळांनो, हे तुमच्या वसूआत्याबद्दल, माझ्या लेकीबद्दल म्हटलं गेलं. लातुरात, विशेष मुलांच्या शाळेत, पाहुण्यांसमोर. म्हणणारे क्लासवाले सर. त्यांच्याच क्लासात मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं.

वसू त्या शाळेच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करते. सरांनी शाळेला एक खोली करून दिली होती. रंग बदलणारे दिवे, डोळ्यांवर लावायचे व्हीआर चष्मे, थरथरणारी गादी. चष्म्यात समुद्र दिसायचा, गादीतून लाटा अंगाला लागायच्या. त्या दिवशी उद्घाटन होतं.

आधी सना बसली. शेजारच्या शमीमभाभींची नात, बोलत नाही. चष्मा लावताच खदखदून हसली. पाणी धरायला हवेत बोटं पसरली. टाळ्या पडल्या. भाभींच्या डोळ्यांत पाणी. मी जळले. खोटं कशाला लिहू? चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागायचे, तेव्हाही मी जळायचे. त्यातल्या कितीकांना मीच शिकवलेलं. पण सनावर जळले तेवढी कुणावरच नाही.

मग वसू बसली. गादी सुरू झाली. तिनं चष्मा फेकला. "भिंत! भिंत!" ओरडत एका हातानं मला धरलं, दुसऱ्यानं सनाला ओढलं आणि दाराकडे धावली.

त्र्याण्णवच्या भूकंपात वसू सहा वर्षांची होती. माझ्या आईवर भिंत पडताना तिनं पाहिली. जमीन हलली की बाहेर पळायचं, एवढं तिला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. आम्ही लातूरची माणसं. आम्हीच तिच्याखाली जमीन हलवली. एकालाही भूकंप आठवला नाही. मलाही नाही. मी टाळ्यांची वाट बघत होते.

पाहुणे हसले. मग सरांचं ते वाक्य.

मला ते जुनंच वाटलं. क्लास नवा होता तेव्हा वसूला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. "मॅडम, तिला मागच्या खोलीत बसवा. ॲडमिशनचे दिवस हायेत, पालक यायलेत." मी बसवलं. वर्षानुवर्षं. ती तिथं खडूचे तुकडे रंगांप्रमाणे लावत बसायची. इकडे मी लोकांची मुलं डॉक्टर करत होते.

या वेळी मी हलले नाही. टेबलावर यंत्राचं माहितीपत्रक होतं. इंग्रजी. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी ते फाडलं, पत्रक वाचलं आणि मोठ्यानं मराठीत सांगितलं, "रिमोट मुलाच्या हातात द्यावा. मुलाला नको असेल तर थांबावं."

रिमोट सरांच्या खिशात होता.

"द्या."

"मॅडम, लई महागाचं हाय. तोडंल ती."

"तोडू द्या."

मागून शमीमभाभी म्हणाल्या, "द्या की सर! चावतीय का ती तुम्हाला?"

वसूनं रिमोट घेतला. गादी बंद केली. पुन्हा चालू केली नाही. रिमोट मुठीत धरून अंगणात जाऊन बसली.

सना हसली तशी वसू हसली नाही. ते मला अजून डाचतं. डाचू दे.

आता दर बुधवारी मी त्या खोलीच्या उघड्या दारात खुर्ची टाकून बसते. वसू शेजारी. मुलाच्या हातात रिमोट आल्याशिवाय मी गादी सुरू होऊ देत नाही. कुणाला फोटो हवा असेल तर आम्हा दोघींसकट काढावा. मागच्या खोलीत आता कुणी बसणार नाही.