अंधाराचं बक्षीस

आमच्या घरात फ्रिज उघडण्याआधी काय हवंय ते ठरवून यावं लागतं. दार उघडून, एक हात कमरेवर ठेवून आत बघत उभं राहण्याची चैन मी माहेरी सोडून आले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तशी उभी राहिले, तर मागून सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, तुला आतलं सगळं पाठ होईपर्यंत बाहेरची खोली गार होईल." मी घाबरून दार लावलं. ज्यासाठी उघडलं होतं ते लिंबू आतच राहिलं.

सासऱ्यांना तोंडावर सगळे अण्णा म्हणतात आणि पाठीमागे 'बटण'. कोणी खोलीतून बाहेर पडलं, की त्याचा दुसरा पाय उंबऱ्याच्या आत असतानाच अण्णांचं बोट बटणावर पोचलेलं असतं. एकदा मी न्हाणीघरात असताना त्यांनी दिवा घालवला. मी आतून ओरडले, तर म्हणाले, "आवाज नव्हता. मला वाटलं आत कोणी नाही." तेव्हापासून मी अंघोळ करताना मोठ्याने गाते. शेजाऱ्यांना वाटतं, हिला गाण्याची फार आवड.

जन्मभर अण्णांनी एका कारखान्याचं भांडार सांभाळलं. फाटका हातमोजा दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. मोजा हरवला म्हणून सांगायला आलेल्या एका फिटरला त्यांनी "निदान त्याचं एक बोट तरी शोधून आण" म्हणून परत पाठवलं होतं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला आणि भांडार घरी आलं. आमच्याकडे इस्त्री शर्टांपुरतीच चालू असते. रुमाल उरलेल्या उबेवर करायचे. शेवटचे रुमाल तर नुसत्या भरवशावर सरळ होतात.

बाकीच्या घरांत संध्याकाळी दिवे लागतात, आमच्या घरात जातात. स्वयंपाक उजेडी उरकायचा. नवऱ्याची दुपारपाळी, त्यामुळे तो सुटला. मी स्वयंपाकघरात एका बल्बखाली, आणि बाहेरच्या खोलीत मिट्ट काळोखात आरामखुर्चीत अण्णा. समोर भिंतीशी सासूबाईंची खुर्ची, आणि तिला लागून जुना फ्रिज, कारण तो स्वयंपाकघरात मावत नाही. अण्णा अंधारात बोलत बसायचे. दिवसभर मोजूनमापून बोलणारा हा माणूस दिवा गेला की मोकळा व्हायचा. सासूबाई विणता विणता गुणगुणतात, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. अण्णा अभिमानाने सांगायचे, "हिच्यासारखं ऐकणारं माणूस मिळायचं नाही. आपली गुणगुणत बसते, पण मध्ये कधी तोंड घालत नाही." अंधारात कसं विणतात म्हणून मलाही नवल वाटायचं, पण म्हटलं, हाताला सवय असेल.

आमच्याकडे उजेडाची सोय नव्हती असं नाही. छताला चांगलं झुंबर आहे, सासूबाईंच्या भावाने हौसेने दिलेलं. ते लावलं त्या दिवशी पेटलं, अण्णांनी जाऊन मीटर बघितलं, आणि संध्याकाळ संपायच्या आत झुंबर चादरीत गेलं. ते गाठोडं बघून पाहुणे विचारायचे, "वर काय ठेवलंय?" सासूबाई म्हणायच्या, "माझ्या भावाची आठवण."

तर अशा घरी एके दिवशी वीज कंपनीची मुलगी आली. खांद्याला पिशवी, बोलायला चुरचुरीत. म्हणाली, "काका, संध्याकाळी सगळं शहर एकदम वीज ओढतं. तेव्हा आम्हाला बाहेरून महाग वीज आणावी लागते. त्या वेळात तुम्ही कमी वापरलीत, कपड्यांचं मशीन वगैरे दुपारी लावलंत, तर कंपनी तुम्हाला बिलात पैसे देणार. वर दाराला लावायला हिरवा बिल्ला. 'समंजस घर' असा."

अण्णा उठून उभे राहिले. "म्हणजे दिवे बंद ठेवायचे पैसे?"

"हो काका."

"मला?"

त्यांच्या लग्नातला फोटो मी पाहिलेला आहे. त्यातही ते इतके खूश दिसत नाहीत. पैशांचं त्यांनी पुन्हा विचारलंही नाही, पण बिल्ला केवढा असतो ते हाताने दाखवायला लावलं. मुलगी गेल्यावर दारावरची तेवढी जागा ओल्या फडक्याने पुसून ठेवली. ज्या गोष्टीपायी घरात, इमारतीत, सोयऱ्याधायऱ्यांत जन्मभर हसं झालं, तिला आता सरकारी नाही तरी कंपनीचा शिक्का मिळणार होता. बिल्ला हवा म्हणजे हवाच होता त्यांना.

महिना संपला आणि बिल्ला लागला तो खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांच्या दाराला! या बँकवाल्यांच्या घरात माणसांपेक्षा एसी जास्त. त्यांनी संध्याकाळी त्यातले निम्मे बंद ठेवले, झालं. आणि आमची बचत? शून्य. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

ती बिचारी ओशाळून म्हणाली, "काका, तुम्ही आधी जेवढी वापरायचात त्यापेक्षा किती कमी केलीत, ते मोजतात. तुमचा आधीचा वापर बघून तर आमच्या ऑफिसात वाटलं, मीटरच बंद पडलंय. माणूस पाठवणार होते."

"म्हणजे आधी उधळायचं, मग थोडं कमी उधळायचं, की तो समंजस? आणि मी?"

"तुम्ही आता कमी काय करणार, काका? तुमच्याकडे आहे काय?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" अण्णा गरजले.

"नियम आहे हो. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सगळ्यांची सरासरी नव्याने धरणार आहोत," एवढं बोलून ती गेली. चांगल्या मनाने बोलली, पण आपण कुठे काडी लावली ते तिला कळलं नाही.

महिन्याच्या पहिल्या संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा दाढ काढायला निघाल्यासारखा. "सूनबाई, कमी करायचं तर आधी जास्त करायला हवं. आजपासून पंधरवडाभर आपण उधळायचं."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने घरातलं एकेक बटण लावलं. रिकाम्या खोल्यांत पंखे फिरायला लागले. इस्त्री तापवून, तिच्याखाली काहीच न घेता, नुसती उभी करून ठेवली. मला राहवेना. मी विचारलं, "अण्णा, फ्रिज उघडून उभी राहू का?"

त्यांनी डोळे मिटले. "राहा. हवी तेवढी राहा."

मी राहिले. एक हात कमरेवर ठेवून, आतली भेंडी आणि दह्याचं भांडं बघत, सावकाश. लग्नानंतर इतकं माहेरी असल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी अण्णांची नजर छताकडे गेली. झुंबराचे बल्ब जुने, वीज पिणारे, म्हणजे या कामाला उत्तम. स्टुलावर चढून त्यांनी चादर सोडली, धुळीने शिंकले आणि बटण दाबलं. खोली अशी उजळली की भिंतीला रंग कोणता आहे ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, मग हातातल्या विणकामाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई!" अण्णांच्या स्वेटरची एक बाही निळी झाली होती आणि दुसरी हिरवी.

पंधरवडाभर सासूबाई त्या झुंबराखाली बसल्या. हिरवी बाही उसवली, निळी लोकर शोधून काढली आणि बाही नव्याने धरली. मध्येच मान वर करून झुंबराकडे बघायच्या आणि पुन्हा विणायला लागायच्या. एकदा हळूच मला म्हणाल्या, "छान वाटतं गं. त्यांना सांगू नकोस. किती दिवस चालणार हे?"

"सरासरी होईपर्यंत, आई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सुया भराभर चालवायला लागल्या. मला त्यांची इतकी दया आली की त्या बिल्ल्याचा मला राग यायला लागला.

अण्णांचं मात्र वेगळंच झालं. उजेडात त्यांना बोलताच येईना. "तर तो फिटर काय म्हणाला," अशी सुरुवात करायचे, समोर बायको आपल्याकडे बघतेय असं दिसलं की खोकायचे आणि मीटर बघायला जिन्यात जायचे. मीटर बघून आले की आणखीनच गप्प.

पंधरवडा सरला. कंपनीचा निरोप आला: आज संध्याकाळी वापर कमी ठेवा. अण्णांनी हात चोळले. पंखे गेले, दिवे गेले, माझा बल्बसुद्धा गेला. एवढ्या वर्षांत दुधाच्या भीतीने ज्याला हात लावला नव्हता, तो फ्रिजही त्यांनी बंद केला. "दार उघडलं नाही तर दोन-चार तास काही होत नाही. मुलीला विचारून घेतलंय." शेवटी झुंबराच्या बटणावर बोट ठेवून ते क्षणभर थांबले. सासूबाईंनी न बोलता लोकर गोळा केली. दिवा गेला.

मी स्वयंपाकघरात मेणबत्तीपुढे बसले होते. बाहेर आरामखुर्ची करकरली आणि अण्णांचं बोलणं सुरू झालं. पंधरवड्याचं तुंबलेलं होतं. फिटर झाला, बँकवाला झाला, कंपनीच्या नियमांचा उद्धार झाला. मग ते एकदम थांबले.

"ऐकतेस ना?"

उत्तर नाही.

"अगं?"

घरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

"सूनबाई! दिवा! दिवा लाव, हिला काहीतरी झालंय!"

मी मेणबत्ती घेऊन धावले. ज्यांना सगळं जग बटण म्हणतं, ते अण्णा भिंत चाचपडत होते आणि स्वतःच्या घरातलं बटण त्यांना सापडत नव्हतं. मी झुंबर लावलं. सासूबाईंची खुर्ची रिकामी.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या गॅलरीतून सासूबाई सुया हातात घेऊन आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

"तू कुठे होतीस?"

"गॅलरीत."

"आत्ता गेलीस उठून?"

"आत्ता कशाला? रोज जाते. दिवा गेला की जाते. तिथे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येतो. त्या पिवळट उजेडात निळं-हिरवं सारखंच दिसतं, पण टाके तरी दिसतात. अंधारात कोण विणतं का, अहो?"

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज. इथे राहायला आलो तेव्हापासून."

"मग ते गुणगुणणं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्रिजकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याचं बटण दाबलं. फ्रिज एकदा थरथरला आणि गुणगुणायला लागला.

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पण अण्णांचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. ते फ्रिजकडे बघत सावकाश आरामखुर्चीत बसले.

"म्हणजे मी बोललो त्यातलं तू काहीच ऐकलं नाहीस."

"कारखान्यातलं ना? ते तुम्ही जेवतानाही सांगता."

"कारखान्यातलं नाही." अण्णा हाताच्या बोटांकडे बघत म्हणाले, "माझं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. रिटायर झालो त्या दिवशी परत सांगितलं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, हिने ऐकलं, पण हिला पटलेलं नाही. म्हटलं, बरोबर आहे तिचं."

सासूबाई सुया हातात तशाच धरून उभ्या राहिल्या. मग आपल्या खुर्चीत बसल्या. "मग आता सांगा."

अण्णांनी तोंड उघडलं. वर झुंबर लखलखत होतं. त्यांनी तोंड मिटलं. मी म्हटलं, "अण्णा, कंपनीची वेळ अजून संपली नाही. एवढे दिवे लागले तर बिल्ला..."

"जाऊ दे बिल्ला," अण्णा म्हणाले. बँकवाल्यांच्या दारावरून रोज मान खाली घालून जाणारा माणूस हे म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले. पाय गेले, कान काही आले नाहीत. अण्णा उठले, बटणाशी गेले आणि म्हणाले, "दोन मिनिटं दिवा घालवतो. तोंडावर सांगायला मला जमत नाही. पण तू जाऊ नकोस."

"नाही जात."

दिवा गेला. मग आणखी एक टक् असा आवाज झाला आणि गुणगुण थांबली. यावेळी अण्णांना कसलाही घोटाळा नको होता.

"आहेस ना?"

"आहे."

"मी तुला काही दिलं नाही. सगळं उद्यासाठी म्हणून साठवत राहिलो. तुझ्या भावाचं झुंबरसुद्धा बांधून ठेवलं. पण तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. ऑपरेशनला जाताना मला मरायची भीती वाटली नाही. हे तुला सांगायचं राहील, याची वाटली."

मी मेणबत्तीकडे बघत होते आणि ती मला नीट दिसत नव्हती. मग सासूबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"झालं सांगून?"

"झालं."

"ऐकलं मी," सासूबाई म्हणाल्या. "आता दिवा लावा. माझे दोन टाके निसटलेत."